ऑपरेशनला तीन आठवडे आहेत, बाबांना अर्धपोटी ठेवू नका

पत्र:

माझ्या सासऱ्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आहे. वय 63. गाठ उजव्या बाजूला आहे, पसरलेली नाही असं डॉक्टर म्हणाले. नागपूरला ऑपरेशन ठरलं, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. दिवाळीत त्यांचं वजन 54 किलो होतं, परवा 46 भरलं. हिमोग्लोबिन 8.6 आहे. शुगर, बीपी, किडनीचा त्रास नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. बाबा माळकरी आहेत, अंडं-मटण घरात येत नाही, एकादशी ते सोडत नाहीत. सासूबाई त्यांना मुगाचं पाणी आणि मऊ भात देतात, जड काही देऊ नको म्हणतात. नात्यातले एक जण सांगून गेले, "दूध-साखर बंद करा, त्यानं कॅन्सरले खाद्य भेटते." मेडिकल स्टोअरवाल्यानं ताकदीच्या पावडरचा डबा दाखवला, तो महाग आहे. घ्यावा का? त्यानं गाठ वाढेल का?

– एक सून

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटला तो वजनाचा आकडा. 54 वरून 46, म्हणजे चार महिन्यांत जवळपास 15 टक्के वजन गेलं. शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या आहाराबद्दल एस्पेन ही युरोपातली तज्ज्ञांची संस्था मार्गदर्शक सूचना काढते. सहा महिन्यांत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल तर त्या सूचनांनुसार रुग्ण गंभीर धोक्यात धरतात. अशा माणसाला मोठ्या ऑपरेशनआधी 7 ते 14 दिवस नीट खाऊपिऊ घालावं, त्यासाठी तारीख थोडी पुढे ढकलावी लागली तरी चालेल, असं त्यात सांगितलंय. तुमच्या हातात आयतेच 21 दिवस आहेत. ते मुगाच्या पाण्यावर घालवू नका.

आणि एक काम आजच करा. दिवाळीचं वजन आणि आजचं वजन, दोन्ही आकडे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सर्जनना दाखवा. ओपीडीत डॉक्टरांसमोर येतं ते आजचं वजन. आधी किती होतं हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. कित्येकदा बाबांसारखा मुळातच सडपातळ माणूस समोर बसलेला असतो आणि तो वाळलाय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. दवाखान्यात आहारतज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे पाठवा म्हणून हक्कानं सांगा.

आता दूध-साखरेचं. गाठीला साखर लागते हे खरं, पण ती तुम्ही चहात घातलेल्या चमच्याची वाट पाहत बसत नाही. माणूस जेवला नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यातून साखर तयार करतं आणि गाठ तीच घेते. उपासमारीत गाठ वाळत नाही, बाबा वाळतात. चांगलं खाल्ल्यानं किंवा पोषणाची पावडर घेतल्यानं माणसात कॅन्सर वाढतो असा भरवशाचा पुरावा नाही. एस्पेनच्या सूचनांतही या भीतीपायी रुग्णाचं अन्न तोडू नये असंच आहे. बाबांना शुगर नाही, त्यांचं दूध, गूळ, साखर, केळं काहीही बंद करू नका. ज्यांनी सांगितलं ते काळजीपोटीच बोलले असतील, त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त ताट त्यांच्या सांगण्यावर लावू नका.

सासूबाईंचं मन मी समजू शकते. पोटाचं दुखणं म्हटलं की आपल्याकडे आधी भाकरी बंद होते. पण हिशेब करून पाहा. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, संध्याकाळी चहा, रात्री मुगाचं पाणी. या सगळ्यात दिवसाचं 20 ग्रॅम प्रोटीनसुद्धा भरत नाही. ऑपरेशनच्या आधी माणसाला वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन लागतं. बाबांच्या 46 किलोला ते रोज 55 ते 69 ग्रॅम होतं. शिवाय 1400 ते 1600 कॅलरी पोटात जायला हव्यात, नाहीतर खाल्लेलं प्रोटीन शरीर नुसतं जाळून टाकतं.

हे एवढं कशाला, तर डॉक्टर आतड्याचा गाठ असलेला भाग काढतील आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडतील. तो जोड भरून येण्यासाठी लागणारा माल शरीराकडे आधीपासून असावा लागतो. ऑपरेशननंतरचे काही दिवस भूक नसते, खाणं कमी जातं आणि झीज मात्र नेहमीपेक्षा जास्त चालू असते. जवळ काहीच शिल्लक नसेल तर जखम चिघळते, जोड पाझरतो, खोकायलासुद्धा जोर न उरल्यानं छातीत कफ साठतो.

तर 55 ग्रॅमच्या वर पोचायचं कसं? तुमच्या घरात नवी तूर आलेली असेल, हरभरा असेल, दूध असेल. तेवढ्यावर बरंच जमतं.

दिवसातून दोनदा एक ग्लास करा. 200 मिली दूध कोमट करा. त्यात 20 ग्रॅम, म्हणजे पोह्याच्या चमच्यानं साधारण चार-पाच चमचे, दुधाची पावडर कालवा. पावडर आधी थोड्या गार दुधात मोडून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग फुटाण्याची सालं काढून मिक्सरवर केलेलं पीठ दोन मोठे चमचे, एक कुस्करलेलं केळं किंवा गुळाचा खडा, वरून चिमूटभर विलायची. या एका ग्लासात 17-18 ग्रॅम प्रोटीन आणि साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात. पावडर घेताना पाकिटामागचा तक्ता वाचा. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत 100 ग्रॅममागे 35 ग्रॅमच्या जवळ प्रोटीन असतं. चहात घालायच्या 'डेअरी व्हाईटनर'मध्ये साखर मिसळलेली असते आणि प्रोटीन बरंच कमी. दोन्ही पाकिटं दिसायला सारखीच, दुकानदारही एकाऐवजी दुसरं देतो.

हे दोन ग्लास सकाळी दहाला आणि दुपारी चारला द्या. जेवणाच्या वेळी देऊ नका, नाहीतर जेवणच सुटेल. एकदम पिववत नसेल तर तासभर घोट घोट घेऊ द्या. दुधानं गॅस होत असेल तर दह्यात कालवून पाहा. फ्रीज नसेल तर दर वेळी ताजं करा, सकाळचं उरलेलं संध्याकाळी नको.

या दोन ग्लासांचे झाले 35. दुपारी एक भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण यांचे 12. वरण ओतल्यावर ताटात पसरत गेलं तर ते पातळ. भाकरीजवळ थांबलं पाहिजे. सोबत वाटीभर दही, 5. रात्री चून (पिठलं) आणि पोळी, 9. झाले 61. पुढे भूक वाढली की बरबटीची (चवळीची) उसळ, फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) चटणी, पनीर, जवसाची चटणी भाकरीवर तेल सोडून. भातावर तूप घालायला कचरू नका. बाबांना आत्ता तेला-तुपाचा धाक नाही.

अंडं चालत नाही म्हणून हात टेकायची गरज नाही. आपल्या भागात सोयाबीन पिकतं आणि सगळं बाजार समितीत जातं, ताटात येतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. किराणा दुकानातली सोया वडी आणा. तिच्यात निम्मं प्रोटीन असतं. 25 ग्रॅम कोरडी वडी गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, बारीक करून आलूच्या रश्श्यात टाकली की 12-13 ग्रॅम होतात. सांबार (कोथिंबीर) भुरभुरला की बाबांना कळणारही नाही. घरचं सोयाबीन मात्र कच्चं दळून देऊ नका. कच्च्या दाण्यातले काही घटक प्रोटीन पचू देत नाहीत. ते नीट शिजलेलं किंवा खरपूस भाजलेलंच हवं.

मेडिकल स्टोअरवाल्याच्या डब्याला मी वाईट म्हणणार नाही. ज्याला चार घासांच्या पुढे जेवण जात नाही त्याला असा डबा खरोखर तारतो, आणि वजन घटलेल्या रुग्णांना ऑपरेशनआधी अशी पेयं द्यावीत असं शास्त्रही सांगतं. पण कुठला डबा, ते बघा. पोषणाची म्हणून विकली जाणारी बरीचशी पावडर 100 ग्रॅममागे 15-16 ग्रॅम प्रोटीनची असते, बाकी पिष्ट, साखर आणि तेल. मुलांच्या चॉकलेटी हेल्थ ड्रिंकमध्ये त्याहूनही कमी. हिशेबही करा: दिवसाला दोन ग्लास म्हटलं तर 100 ग्रॅमच्या आसपास पावडर लागते, म्हणजे 400 ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो आणि तीन आठवड्यांना पाच-सहा डबे लागतात. एक डबा आणून दोन-दोन चमचे महिनाभर पुरवायचा, हे मी घरोघरी पाहते. त्यानं पैसेही जातात आणि उपयोगही होत नाही. बाबा घरचं खाऊ शकत असतील तर वरचे दोन ग्लास पुरेसे आहेत. आठवडाभर मनापासून प्रयत्न करूनही निम्मंच जात असेल तर उरलेल्या दोन आठवड्यांसाठी पुरेसे डबे एकदम घ्या, आणि कुठले ते आहारतज्ज्ञांना विचारून. ऑपरेशनचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. घरी प्यायच्या पावडरचे पैसे मात्र त्यात धरू नका. सरकारी मेडिकल कॉलेजात ऑपरेशन असेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, औषधांसाठी मदत मिळवून देणं हे त्यांचं कामच आहे.

आर्जिनिन, ओमेगा-3 वगैरे घातलेली खास पावडरही असते, ती ऑपरेशनआधी 5 ते 7 दिवस देतात. सर्जननी लिहून दिली तर घ्या, आपल्या मनानं नको. कुणी अल्ब्युमिनची (रक्तातल्या एका प्रोटीनची) बाटली चढवून घ्या म्हणालं तर मात्र शेत गहाण टाकू नका. रक्तातलं अल्ब्युमिन कमी आलं तर तो आजाराचा आणि उपासमारीचा इशारा असतो, बाटलीनं आकडा चार दिवस वर येतो पण माणसाचं पोषण होत नाही.

एकादशी. तीन आठवड्यांत एक नक्की येईल, कदाचित दोन. बाबांना उपवास मोडा म्हणू नका, त्यांच्यासाठी आत्ता तोच मोठा आधार असेल. उपवासाच्या ताटातच प्रोटीन आणा. दूध, दही, फल्लीदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, केळं, भगर. त्या दिवशी दुधाच्या ग्लासातून फुटाण्याचं पीठ काढा आणि फल्लीदाण्याचं कूट घाला. निर्जळी मात्र नाही, त्यासाठी गावातल्या कीर्तनकार महाराजांनाच बोलायला सांगा. तुमच्यापेक्षा ते त्यांचं ऐकतील.

आता हिमोग्लोबिन. उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडं थोडं झिरपत राहतं, शौचात दिसतही नाही, आणि माणूस पांढरा पडत जातो. बीट, डाळिंब, खजूर द्या, पण तीन आठवड्यांत त्यानं 8.6 चे 11 होणार नाहीत. लोहाच्या गोळ्यांनाही वेळ कमी पडतो. लोह शिरेतून देता येतं, त्याबद्दल या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. गोळ्या चालू असतील तर त्या चहा-दुधासोबत नको, लिंबू-पाण्यासोबत घ्या आणि चहा तासभर लांब ठेवा. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. घरात कुणाला असेल, किंवा बाबांची तपासणी कधीच झाली नसेल, तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा. सिकलसेल असेल तर लोहाचा आणि भूल देण्याचा विचार वेगळा करावा लागतो.

ज्यावर कुणी बोलत नाही असं एक कारण आहे रुग्ण वाळण्याचं: दवाखान्याच्या फेऱ्या. सोनोग्राफीला उपाशी या, सीटीला उपाशी या, दुर्बिणीला आदल्या दिवशी नुसतं पातळ. पहाटेच्या एसटीनं निघालेला माणूस दुपारी दोनपर्यंत रांगेत रिकाम्या पोटी बसतो, संध्याकाळी परतीच्या गाडीत बिस्किटाचा पुडा खातो, आणि घरी आल्यावर भूक मेलेली असते. आठवड्यात दोन फेऱ्या झाल्या की दोन दिवसांचं जेवण गेलं. म्हणून दर तपासणीला विचारा, खरंच उपाशी राहायचंय का, आणि किती तास? कित्येक रक्त तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही. सोबत डबा ठेवा: मऊ पोळ्या, घट्ट चून, दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू. तपासणी झाल्याबरोबर तिथेच बाकावर बसून खाऊ घाला, गाडीत बसेपर्यंत थांबू नका.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचंही तेच. "रात्री नवापासून पाणीही नाही" ही जुनी रीत अजून चालते. पोटाला अडथळा नसलेल्या रुग्णाला भुलीच्या 6 तास आधीपर्यंत हलकं खाणं आणि 2 तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, असं आता मानतात. दूध मात्र पाण्यात धरत नाहीत, ते खाण्यात. काही ठिकाणी आदल्या रात्री आणि सकाळी साखरेचं खास पेयही देतात. बाबांसाठी काय करायचं ते भूलतज्ज्ञ ठरवतील, तुम्ही आधी विचारून ठेवा, आणि ऑपरेशन उशिरा ढकललं तर लगेच पुन्हा विचारा.

बाबा खर्रा खातात का ते तुम्ही लिहिलं नाही. खात असतील तर आज बंद. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, भूक मरते, आणि खर्ऱ्यानं तोंड उघडेनासं झालं असेल तर भुलीच्या वेळी श्वासाची नळी घालणं अवघड जातं. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सुला, कुणाचं भस्म, माशाच्या तेलाच्या गोळ्या, असं काहीही चालू असेल तर लपवू नका. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो, काहींनी यकृताला त्रास होतो, म्हणून ऑपरेशनच्या एक-दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. भाजीतली हळद चालू द्या.

आणि बाबांना खाटेवर झोपवून ठेवू नका. खाल्लेलं प्रोटीन स्नायूंत जायला स्नायू हलावे लागतात. सकाळ-संध्याकाळ उन्हं कलल्यावर देवळापर्यंत चालू द्या, खुर्चीवरून दहादा उठ-बस, आणि तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर ते दिवसातून चार-पाच वेळा. धाप लागली तर थांबायचं.

हे सगळं बाबांसाठी लिहिलंय. गाठ डाव्या बाजूला असेल, दुर्बीण पुढे गेली नसेल, शौचाला बारीक होत असेल, तर त्या रुग्णाला भाकरी, अख्खी कडधान्यं, पालेभाजी, फल्लीदाणे, जवस यानं आतडं अडकू शकतं. त्यांना मऊ, गाळलेलं, कमी चोथ्याचं अन्न आणि दुधाचे किंवा डब्यातले ग्लासच बरे, तेही डॉक्टरांना विचारून. किडनी किंवा शुगर असलेल्यांनी प्रोटीनचा माझा आकडा उचलू नये. बाबांनाही पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर तारखेची वाट न पाहता थेट नागपूर गाठा. आणि गेले पाच-सहा दिवस त्यांच्या पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर पहिल्याच दिवशी पोटभर घालू नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार धोकादायक पातळीला घसरू शकतात. अशा वेळी डॉक्टरांना दाखवून, निम्म्यापासून सुरुवात करून चार-पाच दिवसांत वाढवत न्या.

दर रविवारी त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन करा आणि फाइलच्या त्याच पानावर लिहा. पहिल्या आठवड्यात घसरण थांबली तरी पुष्कळ आहे. अर्धा किलो वाढलं तर उत्तम. पायावर सूज आली असेल तर ते वजन पाण्याचं असू शकतं, तेही लिहा. दुसऱ्या रविवारीही आकडा खालीच जात असेल तर फोन करून सर्जनना सांगा. नळीनं अन्न द्यायचं की तारीख पुढे न्यायची, ते ठरवायला त्यांच्या हातात मग आठवडा असेल. ऑपरेशननंतर डॉक्टर खायला परवानगी देतील त्या दिवसापासून हेच दोन ग्लास पुन्हा सुरू करायचे, आधी थोडे थोडे, आणि घरी आल्यावर निदान महिनाभर.